जास्तीची माती

ऑक्टोबरात चादरी भिजवल्या की पाणी पांढरं होतं.
मीठ नाही ते. बोटं निसटू नयेत म्हणून
कडा चढणारे हातांना फासतात ती पूड.
जर्मन, पोलिश, दोघी कोरियन मुली,
माझ्या सहा खोल्यांत सगळ्यांचे तळवे सारखेच सोललेले.
मी कुणाला काय बोलू?
ह्याच पुडीने माझ्या छताची गळती बुजवली,
थेमेलिसच्या दातांचे पैसे भागवले.

माझे वडील स्पंज काढायचे.
त्यांचे वडील तर सपाट दगड छातीशी धरून
एका दमात तळ गाठायचे.
दगड खाली नेतो, दोरी वर आणते,
कालिम्नोसमध्ये एवढंच शास्त्र होतं.
वडिलांच्या वेळी पोशाख आला, हवेची नळी आली,
खाली तासभर राहता येऊ लागलं
आणि तासाभरात तळ खरवडून काढता येऊ लागला.
एक दिवस ते घाईने वर आले.
मग मरेपर्यंत डावा पाय ओढत बाजारात जायचे.
"खाली आता काही उरलं नाही," म्हणायचे,
ते पायाबद्दल की समुद्राबद्दल,
आम्ही कधी विचारलं नाही.

थेमेलिस वर जातो.
कमरेला ड्रिल, पाठीला तारेचा ब्रश.
नवी वाट बांधायची तर आधी कडा साफ करावा लागतो.
साफ, हा त्याचा शब्द.
मी खालून बघते:
शेवाळ सुटतं, राखी दगडफुलाचे पापुद्रे उडतात,
केपरचं झुडूप मुळासकट येतं,
तांदळाएवढ्या गोगलगायी,
आणि कपारीतली मूठभर माती,
जी तिथे कुणी नेऊन टाकली नव्हती,
माझ्या डोळ्यांत जाते.
संध्याकाळी तो पट्टा घासलेल्या पातेल्यासारखा चमकतो.
मी जन्मभर घासत आले, मला माहीत आहे,
घासलेल्या पातेल्यात काही नसतं.

एकदा त्याने खिशातून निळं फूल काढलं,
घंटेएवढं नाही, घंटेच्या लोलकाएवढं.
मुळं ओल्या रुमालात.
"फेकवेना, आई."
मी चीजच्या डब्याला भोकं पाडली,
लिंबाखालची काळी माती भरली, शेणखत घातलं,
रोज सकाळी पाणी.
नवव्या दिवशी त्याने मान टाकली.
वनस्पती मोजायला अथेन्सहून आलेली क्सांथिप्पी
तेव्हा कोपऱ्यातल्या खोलीत राहत होती.
तिने डबा उपडा केला. मुळं कुजलेली.
"उपाशी नाही मेलं," ती म्हणाली, "जेवून मेलं.
ह्याला एक फट लागते, अर्धा चमचा धूळ,
आणि कुणी विचारपूस न करणं."

ह्या वर्षीची वाट पंचवीस मीटरची.
अठराव्या मीटरवर एक भोक,
भोकात काळ्या ससाण्याची तीन पिल्लं.
बाकीच्यांची पिल्लं उडून जातात तेव्हा कुठे हा अंडी घालतो,
आफ्रिकेकडे निघालेल्या
दमलेल्या लहान पाखरांच्या भरवशावर.
म्हणजे आमच्यासारखाच,
दुसऱ्यांच्या प्रवासावर जगणारा.

थेमेलिस दोन दिवस दोरीवर लोंबकळत होता.
खाली आला की बोलायचा नाही, नुसता भात चिवडायचा.
तिसऱ्या दिवशी सोळाव्या मीटरला शेवटची साखळी ठोकून
ड्रिल गुंडाळून आला.
पायथ्याच्या दगडावर रंगाने लिहिलं: वाट सोळा मीटर.
कारण लिहिलं नाही.
लिहिलं असतं तर फोटो काढायला आणखी चढले असते.

त्याला संत म्हणू नका. सोमवारी तो
पलीकडच्या कड्यावर ब्रश घेऊन गेला.

काल एका पाहुण्याने नाश्त्याला विचारलं,
चांगली वाट अशी मध्येच का तोडलीत?
वरचा दगड कच्चा आहे, मी सांगितलं,
हाताला येतो.
त्याने मान हलवली, मध आणखी मागितला.
मी आत गेले,
आणि बरणी हातात धरून
जरा वेळ तशीच उभी राहिले.